घरचा हिशेब : दरमहाचा लाभांश आणि विकलेली तेजी

अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहणाऱ्या एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचे यजमान पुढील वर्षीं नोकरींतून निवृत्त होत आहेत. मुलगा व मुलगी आपापल्या संसाराला लागलीं आहेत, घराचें कर्ज फिटलें आहे. पुण्यास सासूबाई आणि थोरले दीर व जाऊबाई असतात. त्या घरीं दरमहा कांहीं रक्कम जात असते, ती पुढेंही तशीच जावी अशी उभयतांची इच्छा आहे. त्यांचा एक पुतण्या तिकडेच नोकरीस आहे. त्यानें काका-काकूंना असें सुचविलें आहे कीं, निवृत्तीच्या खात्यांत सांठलेल्या रकमेपैकीं निदान निम्मी रक्कम 'कव्हर्ड कॉल' जातीच्या फंडांत घालावी. हे फंड वर्षास आठ टक्के, कांहीं तर अकरा-बारा टक्के लाभांश देतात, आणि तोही महिन्याच्या महिन्यास. पगार थांबला तरी पैसा येत राहील व मुद्दलाला हात लावण्याचें कारणच पडणार नाहीं, असें त्याचें म्हणणें.

बाईंचा प्रश्न मात्र पुतण्याच्या सूचनेहून अधिक मार्मिक आहे. त्या लिहितात कीं, गेलीं तीस वर्षें घरचा जमाखर्च त्याच ठेवीत आल्या आहेत. हा पैसा येऊं लागल्यावर जमेच्या बाजूस तो कोणत्या सदराखालीं लिहावा, व्याज म्हणून, नफा म्हणून कीं आणखी कांहीं म्हणून, हें त्यांना कोणीच नीट सांगत नाहीं.

हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला. तेव्हांपासून आपल्या घरांतील जीं मुलें तिकडे गेलीं त्यांच्यापैकीं पहिलीं आज आजोबा-आजी झालीं आहेत, आणि त्यांच्या मागून गेलेलीं आतां निवृत्त होत आहेत. ज्यांचे वडील इकडे सरकारी नोकरींत होते त्यांनीं पेन्शन म्हणजे काय तें डोळ्यांनीं पाहिलें आहे. तिकडील खासगी नोकरींत तशी पेन्शन आतां फारशी उरलेली नाहीं. तिच्या जागीं १९७८ च्या एका करविषयक कायद्यांतून निघालेलें 'चारशें एक-के' नांवाचें खातें आलें. नोकरी संपते त्या दिवशीं हातांत एक मोठी रक्कम असते. परंतु रक्कम म्हणजे पगार नव्हे. सोशल सिक्युरिटीचा हप्ता तेवढा दरमहा येतो, बाकीचें ज्याचें त्यानें पाहावयाचें. अशा वेळीं जाहिरातींत 'दरमहा' हा एक शब्द दिसला कीं, मनुष्याचा जीव भांड्यांत पडतो.

तेव्हां प्रथम हा पैसा येतो कोठून तें पाहूं.

मुंबईच्या कापसाच्या व शेअरांच्या बाजारांत पूर्वीं तेजीमंदीचे सौदे चालत. ठराविक मुदतींत ठराविक भावानें माल घेण्याचा हक्क विकत घ्यावयाचा, ती तेजी. ठराविक भावानें माल देण्याचा हक्क घ्यावयाचा, ती मंदी. हक्क घेणारा त्यासाठीं थोडी रक्कम आधीं मोजी, आणि भाव त्याच्या मनासारखा न गेला तर तिच्यावर पाणी सोडी. १९५६ च्या रोखेव्यवहाराच्या कायद्यानें आपल्याकडे शेअरांवरील असे सौदे बंद झाले, १९९५ सालीं तें बंधन उठलें आणि २००१ सालापासून राष्ट्रीय शेअरबाजारांत ते राजरोस होऊं लागले. अमेरिकेंत या हक्कांचा स्वतंत्र बाजार १९७३ च्या एप्रिल महिन्यांत शिकागो येथें उघडला. तिकडे तेजीच्या हक्काला 'कॉल' म्हणतात. पत्रांत ज्या फंडांचा उल्लेख आहे ते मोठमोठ्या कंपन्यांचे शेअर जवळ बाळगतात आणि त्यांच्यावरील तेजी दर महिन्यास दुसऱ्यास विकतात. विकलेल्या हक्कामागें शेअर शिल्लक असतात, म्हणजे सौदा उघडा नसतो, म्हणून त्याला कव्हर्ड कॉल असें नांव.

घरांतील सर्वांस समजावें यासाठीं जमिनीचें उदाहरण घेऊं. गांवीं आपला एक तुकडा आहे, त्याची आजची किंमत एक लाख रुपये. शेजारी येऊन म्हणतो, 'महिन्याभरांत केव्हांही एक लाख दोन हजारांस ही जमीन मला घेतां यावी. या हक्काबद्दल मी आजच एक हजार रुपये देतों.' आपण ते घेतों. हा इसार नव्हे. इसार पुढें किमतींत वळता होतो, हे हजार कायमचे आपले. महिनाअखेर भाव एक लाख एक हजार झाला, तर शेजारी फिरकणार नाहीं. जमीन आपली आणि वर हजार रुपये. जवळून सडक जाणार असें ठरून भाव एक लाख दहा हजारांवर गेला, तर शेजारी धांवत येईल व एक लाख दोन हजारांस जमीन घेऊन जाईल. आपल्या पदरीं एकंदर एक लाख तीन हजार. उरलेले सात हजार त्याच्या घरीं गेले. आणि नदीला पूर येऊन जमिनीचा भाव पंचाऐंशी हजारांवर उतरला, तर शेजारी तोंडही दाखविणार नाहीं. जमीन आपली, नुकसान आपलें, त्यांत हजारांचा काय तो दिलासा.

या तिन्ही शक्यता फंडवाल्यांच्या पत्रकांत दिलेल्या असतात. लपवाछपवीचा आरोप त्यांच्यावर करतां येणार नाहीं. खरी मेख पुढच्या महिन्यांत आहे. जमीन आतां पंचाऐंशी हजारांची. आपणांस दरमहाचा पैसा तर हवाच, म्हणून आपण पुन्हां हक्क विकतों, आणि या खेपेस भाव ठरतो तो शहाऐंशी हजार सातशें. लोक घाबरलेले असल्यामुळें हक्काची किंमत वाढलेली असते, म्हणून समजा पंधराशें मिळाले. त्याच महिन्यांत पूर ओसरून जमीन पुन्हां एक लाखाची झाली. ज्यानें कांहींच विकलें नव्हतें तो जेथल्या तेथें आला. आपल्याला मात्र शहाऐंशी हजार सातशें, त्यावर पंधराशें आणि पहिल्या महिन्याचे हजार, असे एकूण एकोणनव्वद हजार दोनशें मिळाले. उतरणीला जमीन पूर्णपणें आपली होती, चढणीला ती आपली राहिली नाहीं.

हें कागदावरचें गणित नव्हे. शिकागोच्या बाजारानें २००२ सालीं 'बायराइट' नांवाचा एक निर्देशांक सुरू केला. त्याची आंखणी रॉबर्ट व्हेली या प्राध्यापकांनीं केली होती. अमेरिकेंतील पांचशें मोठ्या कंपन्यांचा जो 'एस. अँड पी. ५००' निर्देशांक, तो जवळ बाळगून दर महिन्यास त्यावरील तेजी विकली तर काय हातीं लागतें, हें तो दाखवितो. करोनाच्या वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, १९ फेब्रुवारीपासून २३ मार्चपर्यंत मूळ निर्देशांक सुमारें चौतीस टक्के पडला, ऑगस्टांत पूर्वस्थितीस आला आणि लाभांश धरून वर्षाअखेर अठरा टक्क्यांहून अधिक वाढीवर बंद झाला. तेजी विकणारा बायराइट त्याच वर्षाअखेर थोड्या तोट्यांतच होता.

आतां फंडांकडे वळूं. या जातीचे फंड पुष्कळ आहेत. त्यांपैकीं दोन विशेष प्रसिद्ध. ग्लोबल एक्स या संस्थेचा, नॅसडॅक १०० निर्देशांकावरील तेजी विकणारा फंड १९१३ च्या नव्हे, २०१३ च्या डिसेंबरांत निघाला (शतकाचा हा फरक आम्ही मुद्दाम नोंदवितों, कारण कांहीं वाचक या फंडांस फार जुनी परंपरा आहे असें समजतात). जे. पी. मॉर्गन यांचा 'इक्विटी प्रीमियम इन्कम' फंड २०२० च्या मे महिन्यांतला. पहिला फंड तेजी विकतो ती चालू भावालाच, म्हणजे वाढीचा जवळजवळ सगळा वाटा देऊन टाकतो. दुसरा तुलनेनें शांत प्रकृतीचे शेअर निवडतो व भावाहून कांहींसा वरचा आंकडा ठरवून तेजी विकतो, म्हणून थोडी वाढ स्वतःकडे राखतो. व्यवस्थेचा खर्च पहिल्याचा वर्षास सुमारें ०.६० टक्का, दुसऱ्याचा ०.३५ टक्का.

पहिल्या फंडाचा एक भाग आरंभीं सुमारें पंचवीस डॉलरांस मिळे. दहा वर्षांनीं, २०२३ च्या अखेरीस, तो सतरा डॉलरांच्या आसपास होता. त्याच अवधींत मूळ नॅसडॅक १०० निर्देशांक चौपटीहून अधिक झाला. आलेला लाभांश ज्यानें दरमहा खर्च केला त्याला दहा वर्षें पैसा मिळाला हें खरें, आणि तो धरून एकंदरींत त्याचा तोटा झाला असें कोणी म्हणूं नये. परंतु पंचवीसांचे सतरा झाले, आणि या दहा वर्षांत अमेरिकेंतील महागाई तीस टक्क्यांहून अधिक वाढली, हें लक्षांत घेतलें तर मुद्दलाची खरी किंमत निम्म्यावर आली. शिवाय हा फंड महिन्यास आपल्या किमतीच्या एक टक्क्याहून अधिक वाटीत नाहीं; म्हणजे किंमत घटली कीं हप्ताही घटला. टक्केवारी जाहिरातींत तेवढीच दिसते, डॉलर मात्र कमी येतात.

दुसऱ्या फंडाची हकीगत अधिक चांगली आहे, आणि ती सांगणें न्यायाचें आहे. २०२२ सालीं एस. अँड पी. ५०० निर्देशांक अठरा टक्के बुडाला तेव्हां हा फंड साडेतीन टक्क्यांच्या आसपासच खालीं गेला. २०२३ सालीं निर्देशांकानें सव्वीस टक्के दिले, फंडानें दहाच्या आंतबाहेर. २०२४ सालीं निर्देशांकानें पंचवीस, फंडानें साडेबाराच्या सुमारास. तिन्ही वर्षें मिळून शंभराचे निर्देशांकांत सुमारें एकशें एकोणतीस झाले, फंडांत एकशें एकोणीस. ज्या माणसाला २०२२ सारख्या वर्षीं झोंप येत नाहीं आणि जो घाबरून सगळें विकून मोकळा होतो, त्याला हा दहाचा फरक कदाचित् महाग वाटणार नाहीं. आमचा या फंडाशीं तंटा नाहीं. तंटा आहे तो त्याला पेन्शन म्हणण्याशीं.

कारण पेन्शनीचा आंकडा ठरलेला असतो. तेजीची किंमत बाजारांतल्या भीतीवर अवलंबून. लोक धास्तावले कीं ती चढते, निवांत झाले कीं उतरते. याच फंडाचा हप्ता २०२२ सालीं कांहीं महिन्यांत भागामागें साठ सेंटांच्या घरांत होता, आणि २०२३ सालीं एका महिन्यांत तो तीस सेंटांच्या आसपास आला. घराची पट्टी, विम्याचा हप्ता, औषधें आणि पुण्यास जाणारी रक्कम यांपैकीं एकही गोष्ट बाजार शांत झाला म्हणून निम्मी होत नाहीं.

तेव्हां बाईंच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, या पैशाला एक सदर पुरणार नाहीं. त्यांतला लहानसा भाग कंपन्यांचा खरा लाभांश असतो, एस. अँड पी. ५०० च्या कंपन्यांचा हा लाभांश अलीकडे वर्षास दीड टक्क्याच्या आंतबाहेरच आहे. तेवढा निःशंकपणें उत्पन्न म्हणून लिहावा. मोठा भाग तेजीच्या विक्रीचा. तो 'विक्री' या सदराखालीं जावा, कारण पुढच्या महिन्याची वाढ आपण त्यापायीं दुसऱ्यास दिलेली असते. आणि कित्येक महिन्यांत तिसरा भाग असतो, तो म्हणजे आपलेंच भांडवल परत आलेलें. अमेरिकेच्या १९४० च्या गुंतवणूक कंपन्यांच्या कायद्यांतील एकोणिसाव्या कलमाप्रमाणें, वाटलेला पैसा निव्वळ उत्पन्नाबाहेरचा असेल तर तो कोठून आला याची सूचना फंडानें द्यावी लागते. साध्या खात्यांत असेल तर वर्षअखेरच्या १०९९-डिव्ह या करपत्रकाच्या तिसऱ्या चौकटींतही ही रक्कम दिसते. करखात्याच्या भाषेंतील 'भांडवल परत' आणि भांडवलाची खरोखरची झीज या दोन गोष्टी मात्र नेहमीं एकच नसतात. म्हणून भागाच्या किमतीवर नजर ठेवणें हाच घरगुती उपाय. या बाबतींत आपल्या 'सेबी'नें केलेली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. १ एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या 'डिव्हिडंड' या पर्यायाचें नांव तिनें बदलविलें, आणि नव्या लांबलचक नांवांत 'भांडवलाची उचल' हे शब्द घालावयास लावले. नांव उच्चारतांना जीभ अडखळते हें खरें, पण अडखळलेली बरी.

एकाच कंपनीच्या शेअरवर तेजी विकून वर्षास पन्नास-साठ टक्के वाटण्याच्या गोष्टी करणारेही फंड निघाले आहेत. टेस्ला या मोटारींच्या कंपनीवर आधारलेला असा एक फंड २०२२ च्या नोव्हेंबरांत निघाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याच्या दोन भागांचा एक भाग करावा लागला, इतकी किंमत उतरली होती. पुतण्यानें त्यांचें नांव काढलें असेल तर त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

आतां मुद्दलाविषयीं. 'व्याजावर राहावें, मुद्दल खाऊं नये' हें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें गेलें. आजीच्या नांवची ठेव, मुलीच्या लग्नासाठीं बाजूस टाकलेली रक्कम, शाळामास्तरांच्या फंडाचे पैसे या सर्वांना हा नियम लागू असे, आणि ज्या काळीं ठेवीचे रुपये ठरलेले व व्याजही ठरलेलें असे त्या काळीं तो शहाणपणाचा होता. हा मोह केवळ आपल्यालाच आहे असेंही नाहीं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं १९८४ सालीं हेंच मांडलें कीं, शेअर विकून शंभर डॉलर मिळाले काय आणि लाभांशाचे शंभर आले काय, हिशेबानें फारसा फरक नसतांही लोकांना लाभांश प्रिय वाटतो, कारण 'लाभांश खावा, मुद्दल राखावें' हें बंधन त्यांनीं स्वतःला घालून घेतलेलें असतें. बंधन चांगलें आहे. परंतु या फंडांत त्याची अवस्था अशी होते कीं, मुद्दलाला आपण हात लावीत नाहीं, फंड लावतो, आणि आपण मात्र नियम पाळल्याच्या समाधानांत राहतों.

याहून सरळ मार्ग आहे. निर्देशांकाप्रमाणें चालणारा साधा, अल्पखर्ची फंड व सरकारी रोखे जवळ ठेवावे आणि लागेल तेवढा भाग दरमहा आपणच विकावा. विल्यम बेंगन या सल्लागारांनीं १९९४ सालीं अमेरिकेच्या जुन्या आंकड्यांवरून असें दाखविलें कीं, निवृत्तीच्या पहिल्या वर्षीं रकमेच्या चार टक्के काढले व पुढें महागाईप्रमाणें तो आंकडा वाढवीत नेला, तर शेअर व रोखे मिळून ठेवलेली रक्कम तीस वर्षें पुरते. हा वेदवाक्यासारखा नियम नव्हे. पण आठ-बारा टक्के खर्चून मुद्दल अबाधित राहील अशी आशा धरणाऱ्यानें तो एकदां शेजारीं ठेवून पाहावा. विकण्याचें काम दलालाकडे एकदां सांगून ठेवलें म्हणजे तेंही दरमहा आपोआप होतें. फरक इतकाच कीं, काय विकलें आणि काय उरलें तें वहींत स्पष्ट दिसतें.

आमचा सल्ला विचाराल तर पहिलें लक्ष फंडांकडे नव्हे, सोशल सिक्युरिटीकडे द्यावें. १९६० सालीं वा त्यानंतर जन्मलेल्यांचें तेथील पूर्ण निवृत्तीचें वय सदुसष्ट. तेथून सत्तरीपर्यंत हप्ता पुढें ढकलला तर तो दर वर्षास आठ टक्क्यांनीं वाढतो, आणि महागाईप्रमाणें पुढेंही वाढत जातो. यांत एक गोष्ट अशी आहे कीं जी पतिपत्नी एकमेकांशीं सहसा बोलत नाहींत. दोघांपैकीं एक मागें राहिलें म्हणजे दोन हप्त्यांपैकीं मोठा असेल तो मागें राहिलेल्यास मिळतो, लहान बंद होतो. यजमानांचा हप्ता मोठा असेल आणि त्यांनीं तो सत्तरीपर्यंत थांबविला, तर ती वाढ पुढें बाईंच्या हयातीपर्यंत चालेल. बाजार चढो वा पडो, ही रक्कम येणारच. दरमहाच्या खर्चांतील न टळणारा भाग शक्य तितका या हप्त्यानें व सरकारी रोख्यांच्या व्याजानें भागवावा. मधलीं तीन-चार वर्षें निभावण्यासाठींही रोखेच बरे. एवढें करून पुतण्याच्या सूचनेला मान द्यावयाचा असेल, तर एकंदर रकमेचा पांचवा हिस्सा, त्याहून अधिक नको, आणि तोही दुसऱ्या प्रकारच्या, कांहीं वाढ राखणाऱ्या फंडांत.

तो हिस्सा ठेवावयाचा तर निवृत्तीच्या खात्यांतच ठेवावा. या फंडांचा लाभांश बहुतांशीं साध्या उत्पन्नाच्या दरानें करपात्र धरला जातो, कंपन्यांच्या नेहमींच्या लाभांशास मिळणारी सवलत त्याला सहसा नसते. बाहेरच्या खात्यांत तो आला तर सोशल सिक्युरिटीच्या हप्त्याचाही भाग, पंचाऐंशी टक्क्यांपर्यंत, कराच्या जाळ्यांत ओढला जाऊं शकतो. जुन्या पद्धतीच्या निवृत्तीखात्यांतून त्र्याहत्तराव्या वर्षापासून ठराविक रक्कम काढणें सक्तीचें आहे, तेव्हां या हप्त्यांचा तेथें उपयोगही होईल.

आणि वहींत एक पान या फंडासाठीं वेगळें करावें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस जवळचे भाग किती, एका भागाची किंमत काय, आणि गेल्या महिन्यांत लाभांश किती आला, एवढें लिहावें. वर्षाअखेर लाभांशाच्या बेरजेंतून मुद्दलाची घट वजा करावी. उरेल तें त्या वर्षाचें उत्पन्न. घट दोन वर्षें लागोपाठ दिसली, तर आलेल्या हप्त्यांतून तेवढ्या रकमेचे भाग पुन्हां घ्यावे आणि खर्चास राहील तेवढेंच आपलें समजावें. तीस वर्षें जमाखर्च ठेवणाऱ्या गृहिणीला याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

पत्राच्या शेवटीं ताजा कलम म्हणून बाईंनीं विचारलें आहे कीं, सासूबाईंच्या नांवेंच कांहीं भाग घेऊन ठेवले तर हप्ता परस्पर पुण्यास जाणार नाहीं काय? हें करूं नये. भारतांत राहणाऱ्या व्यक्तीस मिळणाऱ्या अशा लाभांशांतून अमेरिका करारान्वयें पंचवीस टक्के कर आधींच कापून घेते. त्याची वजावट मिळविण्यासाठीं इकडे विवरणपत्र भरावें लागतें आणि परदेशांतील मालमत्तेची नोंद त्यांत करावी लागते. वयोवृद्ध बाईंना हा व्याप कशासाठीं? त्याहूनही मोठी अडचण पुढें आहे. जी व्यक्ति अमेरिकेची नागरिक वा रहिवासी नाहीं तिच्या पश्चात् तिची अमेरिकेंतील मालमत्ता साठ हजार डॉलरांहून अधिक असेल, तर वरच्या रकमेवर तिकडचा वारसाकर चढत्या दरानें, चाळीस टक्क्यांपर्यंत, बसतो. फंडाचे हे भाग त्या मालमत्तेंत मोडतात, आणि या कराबाबत उभय देशांत करार नाहीं. त्यापेक्षां सध्यांप्रमाणें मुलानेंच दरमहा पैसे पाठवावे. मुलाकडून आईस आलेल्या देणगीवर इकडे तिला कर नाहीं. त्यांतली एखादी मोठी रक्कम एकदम द्यावयाची असेल तर ती ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी बचत योजनेंत सासूबाईंच्या नांवें ठेवावी. २०२३ च्या एप्रिलपासून तिची मर्यादा तीस लाख रुपये आहे, आणि व्याज दर तिमाहीस येतें. सासूबाईंना दरमहाच पैसे हातीं हवे असतील, तर तिमाहीच्या व्याजाचे तीन भाग करून देण्याचें काम जाऊबाई आनंदानें करतील.